मिरीचा डावा पाय: लंगड्या कोंबडीला घरी कसं सांभाळावं?

बाळेकरीण (मंगळवार रात्री)

मंडळी, नमस्कार. आम्ही सोलापुरात बाळ्याला राहतो. मागच्या अंगणात सहा गावठी कोंबड्या आहेत. त्यातली मिरी सव्वा वर्षाची, काळी, मानेवर तांबूस झाक असलेली. सगळ्यांत धीट तीच. खुराडं उघडलं की पहिली बाहेर पडणार ती.

गेल्या शुक्रवारी ती डाव्या पायाने लंगडायला लागली. टाकीच्या कठड्यावरून उडी मारताना मुरगळला असेल असं वाटलं. शनिवारी पाय टेकवेना. कालपासून एका जागी बसून आहे, डाव्या पायाची बोटं आत मुडपलेली. दाणे खाते, पाणी समोर धरलं की पिते, तुरा लाल आहे, डोळे स्वच्छ आहेत. हलायचं झालं तर पंख टेकत सरपटते आणि बाकीच्या तिला टोचायला लागल्यात.

मुलगा चौथीत आहे. मिरीला पिल्लू असल्यापासून त्यानेच वाढवलंय. शाळेत जाताना मला बजावून जातो, "आई, हिला एकटं ठेवू नको." नातेवाईक म्हणतात, कोंबडीच ती, रविवारी कापून मोकळं व्हा. ते आमच्याच्यानं होणार नाही. कुणी अशी कोंबडी सांभाळली आहे का? आणि एका मेडिकलवाल्याने माणसाच्या दुखण्याची गोळी पाव करून द्यायला सांगितली आहे. देऊ का?

शेंगाचटणी (मंगळवार रात्री)

ताई, आधी ती गोळी बाजूला ठेवा. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण गोळी नको.

बोटं मुडपलेली म्हणताय, तर बी-२ म्हणजे रायबोफ्लेविन कमी पडल्यानेही तसं होतं. पण ते मुख्यतः पिल्लांत, आणि बहुतेक दोन्ही पायांत दिसतं. दुकानात पोल्ट्रीचं टॉनिक मागितलं की अ, ड, ई आणि बी-१२ वालं हातात ठेवतात. बाटलीवर रायबोफ्लेविन लिहिलंय का ते वाचूनच घ्या.

माझा अनुभव पिल्लाचा आहे. आमची एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. त्यातल्या एकाचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकलेले, जमिनीवर पोहल्यासारखं करायचं. चूक आमचीच होती. पेटीत वर्तमानपत्र अंथरलं होतं, त्यावर पाय घसरत होते. पेपर काढून जुना टॉवेल घातला आणि मऊ चिकटपट्टीने दोन्ही पाय आठच्या आकड्यासारखे सैलसर बांधले, मध्ये साधारण एक इंच अंतर ठेवून. रोज पट्टी सोडून पाहायची, परत बांधायची. पाचव्या दिवशी पिल्लू नीट उभं राहिलं. पण हा इलाज पहिल्या काही दिवसांतच लागू पडतो, हाडं घट्ट झाल्यावर नाही. तुमच्या मिरीला तो उपयोगाचा नाही, तरी इथे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल म्हणून लिहिलं.

माळढोक (बुधवार सकाळी)

ताई, माझं मोहोळ तालुक्यात छोटं पोल्ट्री फार्म आहे. खरं तेच सांगतो. फार्मवर असा पक्षी निघाला तर आम्ही त्याला ठेवत नाही. हजार पक्ष्यांत एकाला हाताने पाणी पाजत बसणं जमत नाही, आणि आजार काय हे कळेपर्यंत बाकीच्यांना लागण व्हायची भीती असते. तुमचं तसं नाही. सहाच आहेत आणि घरात माया करणारं पोरगं आहे. सांभाळा.

फक्त आज एक काम करा, तिला बाकीच्यांपासून वेगळी करा. पण नजरेआड नको. जाळीच्या पलीकडे ठेवा, आवाज आणि चेहरे ओळखीचे राहिले पाहिजेत. एकदम तोडली तर खाणं सोडते आणि परत सोडताना कळप तिला नवीन समजून मारतो. खाली तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटं जाड. फरशी नको, पोतंही नको, त्याच्या दशीत नखं अडकतात.

लसी झाल्या आहेत का? राणीखेत या विषाणूच्या आजारातही पाय जातात, पण त्यात मान वाकडी होते, हिरवट पातळ हगवण होते आणि एकटीलाच होऊन थांबत नाही.

पशुसखा (बुधवार दुपारी)

मी पशुसंवर्धन खात्यात होतो, आता निवृत्त आहे. बाळेकरीण ताई, औषधाचं नाव विचारण्याआधी पाय नीट बघू या. "पाय गेला" हे लक्षण झालं, त्यामागची कारणं डझनभर असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी. चुकीच्या कारणावर दिलेलं चांगलं औषधही वायाच जातं.

संध्याकाळी अंधार पडला की पक्षी शांत होतो, तेव्हा बघा. तिला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्या. उलटी पाठीवर पाडू नका आणि छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. छाती दाबून धरली तर नाकतोंड मोकळं असूनही जीव गुदमरतो.

आता पाय. आपण ज्याला गुडघा म्हणतो, जिथे पिसं संपून खवले सुरू होतात, तो सांधा खरं तर टाचेचा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. तो टाचेचा सांधा दोन्ही पायांचा शेजारी शेजारी धरा. सूज आहे का? गरम लागतो का? मागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) मधोमध आहे की कडेला सरकली आहे? मग खाली या. तळपायाला काळी खपली आहे का? दोन्ही पंजे सारखेच कोमट आहेत, की डावा गार आहे? मधलं बोट हलकं चिमटून बघा, पाय मागे ओढते का?

मग टॉर्च आणि भिंग घेऊन खवल्यांच्या नळीवर एकेक कड तपासा. दोरा आहे का बघा. सोलापुरात हे मी मुद्दाम विचारतो. यंत्रमागाचं वेस्ट सूत आपल्याकडे घरोघरी असतं, भांडी पुसायला, गाडी पुसायला, आणि ते कोंबड्यांच्या अंगणात जातं.

मरेक्सचं नाव इथे निघेलच म्हणून आधीच सांगतो. हंगेरीच्या योझेफ मारेक या पशुवैद्याने १९०७ साली तो आजार नोंदवला. विषाणूचा आजार आहे, एक पाय पुढे आणि एक मागे असा पक्षी पडतो. बहुतेक कोवळ्या वयात, अंड्यावर यायच्या आसपास. त्यावर इलाज नाही. लस असते ती हॅचरीत पहिल्या दिवशी देतात, गावठी पिल्लांना ती बहुधा मिळत नाही. पण सव्वा वर्षाची, वजन टिकून असलेली, तुरा लाल असलेली कोंबडी तीन दिवसांत एकाच पायाने अधू होते, तेव्हा मी आधी इजा शोधीन.

बाळेकरीण (बुधवार रात्री)

काका, दोरा सापडला.

हात थरथरताहेत लिहिताना. तुम्ही सांगितलं तसं सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, मी टॉर्च धरला, मुलाने त्याचं शाळेचं भिंग आणलं. डावा पंजा गार होता. उजवा मस्त कोमट. पंजाच्या वर दोन बोटांवर नळी थोडी आवळल्यासारखी दिसत होती, त्याखाली सूज. वरून काहीच नाही, नुसत्या खवल्यांच्या रांगा. एका रांगेखाली मात्र बारीक गुलाबी रेघ होती. मला ती खवल्याची कडच वाटली. सासूबाईंनी २२ वर्षं टॉवेलच्या किनारी शिवल्यात, त्यांची नजर धाग्याला चुकत नाही. त्या म्हणाल्या, "अगं ही कड नव्हं, हे दोन पदरी सूत हाय." तिथे कातडी धाग्यावर चढली होती. सुताचं एक टोक मागच्या बोटाच्या बेचक्यात मळाने काळं होऊन चिकटलं होतं.

बाहेरच्या बाजूच्या बोटाला चिमटा घेतला, काही नाही. मधल्याला घेतला तर पाय किंचित ओढला. मी सुताचं टोक ओढणार होते, सासूबाईंनी हात धरला. आता काय करू? मुलगा झोपत नाहीये.

पशुसखा (बुधवार रात्री)

सासूबाईंनी हात धरला ते फार बरं केलं. ओढू नका. आत गेलेलं सूत ओढलं की ते करवतीसारखं चालतं. आज रात्री फक्त कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवा, मळ मऊ होईल. कोरडा करून पातळ केलेलं बिटाडिन लावा. हळद, चुना, तेल काही नको, उद्या डॉक्टरांना दिसलं पाहिजे. सकाळी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. नेणं जमत नसेल तर १९६२ वर फोन करा, ती फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मोफत सेवा आहे.

आणि त्या गोळीबद्दल. साठ किलोच्या माणसासाठी बनवलेल्या गोळीचे हाताने तुकडे करून दीड किलोच्या पक्ष्याचा डोस काढता येत नाही. दुखण्याच्या गोळ्यांत बऱ्याचदा डायक्लोफिनॅक असतं. जनावरांना दिलेल्या याच औषधामुळे त्यांची मढी खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. म्हणून २००६ साली आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. डॉक्टर दुखण्यावर बहुधा मेलॉक्सिकॅम हे औषध देतील, तेही वजन करून. तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यात बसवून वजन लिहून न्या.

बाळेकरीण (शुक्रवार)

काल जाऊन आलो. वजन १ किलो ४६० ग्रॅम. डॉक्टरांनी बारीक कात्री आणि चिमट्याने सूत तुकड्या-तुकड्यांनी काढलं, सात तुकडे निघाले. मिरी एकदाच ओरडली. हाड मोडलेलं नाही. बाहेरचं बोट वाचणार नाही म्हणाले, हळूहळू काळं पडून वाळेल आणि आपोआप गळेल, तुम्ही कापू नका. नसेला मार बसलाय, पंजा किती सुधारेल ते दिवस जातील तसं कळेल. पाच दिवस प्रतिजैविक, तीन दिवस दुखण्याचं औषध, आणि तोवर नि नंतरही त्यांनी सांगितलेले दिवस अंडं खायचं नाही. औषध टेट्रासायक्लिन गटातलं आहे, म्हणून शिंपल्याचा चुरा तेवढे दिवस बंद, कॅल्शियम त्याला पोटात धरून ठेवतं म्हणे.

ते सूत आमच्याच घरचं होतं. सायकल पुसायचा बोळा मी नळापाशी टाकला होता. काल सगळं अंगण आम्ही तिघांनी बसून वेचलं. तूर डाळीच्या पिशवीची शिवण, पतंगाचा मांजा, माझ्या डोक्याचे केस, अर्धी ओंजळ भरली.

पण ती उभी राहत नाही. दिवसभर छातीवर बसून असते. आता?

हुरडा (शुक्रवार रात्री)

ताई, मी अक्कलकोट रोडला राहतो. आमचा कोंबडा कुत्र्याने धरला होता, चार महिने बसून होता. सगळं लक्ष दुखऱ्या पायाकडे जातं, आणि बिघडतं दुसरीकडेच. छातीच्या हाडावर सतत वजन पडलं की तिथली पिसं जातात, कातडी लाल होते, मग पाण्याचा फोड येतो. शीट मागे पिसांना चिकटते. तिथे माशी बसली तर अळ्या पडतात, मिरगाच्या आसपास तर दोन दिवसांत. आम्ही मागची पिसं कात्रीने आखूड केली होती आणि रोज संध्याकाळी कोमट पाण्याने धुऊन कोरडं करायचो. छातीखाली हात घालून रोज चाचपा.

त्यासाठी झोळी करा. भाजीचा प्लास्टिक क्रेट घ्या, त्यावर टॉवेलचा तुकडा चार कोपऱ्यांना बांधा. पायांना दोन भोकं, मागे शीट पडायला एक. तिला अशी बसवा की पंजे जमिनीला लागतील पण वजन कापडावर येईल. समोर दाण्याची आणि पाण्याची वाटी. सुरुवातीला वीस मिनिटं, मग वाढवत दिवसातून तीनदा तासभर. कुणी समोर असल्याशिवाय झोळीत ठेवू नका.

झोळीत असताना पाय हाताने हलवा. टाचेचा सांधा मिटवला की बोटं आपोआप मिटतात आणि उघडला की उघडतात, पक्ष्याच्या पायातली शीरच तशी असते, त्यावरच ते फांदीवर झोपतात. दहा वेळा मिटवा-उघडा, सकाळ-संध्याकाळ. पंजा मुडपलेलाच राहिला तर तो तसाच आखडतो. आम्ही बोटांखाली जाड पुठ्ठ्याचा पंजा कापून मऊ पट्टीने बांधायचो, सैल. ती पट्टीच परत दोऱ्यासारखी आवळली नाही ना, हे मात्र रोज सोडून बघा.

हत्तुरेवस्ती (शनिवार)

मध्येच विचारतो, राग मानू नका. आमच्या गल्लीत एकाची कोंबडी लंगडते म्हटल्यावर शेजारी बर्ड फ्लू म्हणून भांडायला आले. असं काही असतं का?

माळढोक (शनिवार)

दादा, २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला पहिल्यांदा बर्ड फ्लू आला तेव्हा पोल्ट्रीवाल्यांनी तो जवळून बघितलाय. तो एका पायाने येत नाही. कालपर्यंत चांगले असलेले पक्षी भराभर मरतात, तुरे निळे पडतात, डोकं सुजतं. अशी मर दिसली तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. दीड-दोन महिने लंगडत जगणारी एकटी कोंबडी म्हणजे बर्ड फ्लू नव्हे. शेजाऱ्यांना एवढंच सांगा की पोरं कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुतात आणि तिचे मुके घेत नाहीत. तेवढं मात्र खरोखर पाळा.

बाळेकरीण (पाच आठवड्यांनी)

बरेच दिवस लिहिता आलं नाही. झोळी सासूबाईंनी शिवली. टॉवेलच्या भोकांना त्यांनी गोट मारलाय, एकही दशी बाहेर नाही. पहिल्या दिवशी मिरीने पंख आपटून आपटून पाण्याची वाटी उलटी केली. तिसऱ्या दिवशी मुलाने समोर भिजवलेली ज्वारी धरली आणि ती झोळीत बसल्या बसल्या टिपायला लागली. बाहेरचं बोट बिब्ब्यासारखं काळं, कडक झालं आणि गेल्या रविवारी भुशात सापडलं. मुलाने ते कडुनिंबाखाली पुरलं.

पंजात थोडी ताकद आली आहे. मधलं बोट आता स्वतः उघडते. छाती चांगली आहे. पण उजव्या तळपायाला मध्यभागी चकाकणारा लाल गोल दिसतोय, आज त्यावर बारीक काळा ठिपका. हे काय? आणि ऊन फार वाढलंय, दुपारी ती तोंड उघडं ठेवून धापा टाकते. बाकीच्या निंबाखाली जाऊन माती उकरून बसतात, हिला जाता येत नाही.

पशुसखा (त्याच दिवशी)

तो ठिपका वेळेवर दिसला. दोन पायांचं ओझं एका पायावर आलं की त्या तळपायाची कातडी दबते, बारीक भेग पडते आणि स्टॅफिलोकोकसचे जंतू आत जातात. आत पू साचून दगडासारखा कडक होतो. आत्ता सुरुवात आहे. रोज कोमट पाण्यात दहा मिनिटं, कोरडा करून बिटाडिन, वर मऊ गादी करून पट्टी, आणि झोळीचा वेळ वाढवा म्हणजे उजव्या पायाला विसावा मिळेल. घरी ब्लेडने कोरू नका. आठ दिवसांत कमी झालं नाही किंवा सूज वर चढली तर दवाखाना.

उन्हाचं तितकंच मनावर घ्या. कोंबडीला घाम येत नाही, अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं, आणि आपल्याकडे हवाच एप्रिल-मेमध्ये ४२-४३ ला जाते. धापून उष्णता बाहेर टाकणं हाच तिचा मुख्य मार्ग आणि त्यात पाणी जातं. चालती कोंबडी सावली शोधते, हिची सावली तुम्हीच. मातीच्या परातीत पाणी तिच्या चोचीच्या उंचीला, दोन्ही बाजूंना, कारण तिला वळायला त्रास आहे. एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी या दिवसांत दुप्पट पिते. जाळीला ओलं गोणपाट, पण हवा खेळती हवी, नाहीतर आत वाफ धरते. दाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावर. भर दुपारी पोटात दाणे असले की पचनाची उष्णता वर चढते.

आणि ती मातीत लोळू शकत नाही म्हणता, तर माती तिच्याकडे न्या. पाटीत कोरडी माती आणि थोडी चुलीची राख. एका बाजूला कलंडून तेवढ्यात पंख घासेल. त्याशिवाय अंगावर उवा होतात.

बाळेकरीण (जूनच्या पहिल्या आठवड्यात)

पाऊस दोनदा पडून गेला. उजव्या पायाचा ठिपका गेला, खपली पडून खाली गुलाबी कातडी आली. मिरी आता चालते. डावा पाय काठीसारखा टेकवते, पंजा सपाट पडत नाही, पण उजव्यावर उडी आणि डाव्यावर टेकू असं करत नळापर्यंत जाते. खुराड्यात तिच्यासाठी आडवी फळी जमिनीपासून एक वीत उंचीवर लावली आहे, वरच्या काठीवर चढून उडी मारायची गरज नको म्हणून. जाळी काढली त्या दिवशी पांढरीने तिला दोनदा टोचलं. तिसऱ्यांदा मिरीने मान फुगवून उलट टोचलं, त्यानंतर शांतता आहे. दुपारी एक तास अजून झोळीत बसते, आता स्वतःच क्रेटपाशी येऊन थांबते.

आज सकाळी भुशात अंडं होतं. कवच पातळ होतं, हाताला खरखरीत, पण अंडं होतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत परत सुरू केलाय. मुलगा आज शाळेला उशिरा गेला.

हत्तुरेवस्ती (त्याच रात्री)

ताई, आमच्या गल्लीतल्या त्या कोंबडीलाही झोळी करायची आहे. बघितलं तर तिच्याही पायाला केस गुंडाळलेले निघाले, उद्या दवाखान्यात नेतोय. झोळीची मापं मिळतील का?

बाळेकरीण (त्याच रात्री)

सासूबाईंना विचारून लिहिते. दीड किलोच्या कोंबडीला दीड हात लांब आणि एक हात रुंद तुकडा. धुऊन मऊ झालेला जुना टॉवेल घ्या, नवा रखरखीत असतो. पायांची भोकं तीन बोटं रुंद, दोन्हींत चार बोटं अंतर. मागचं भोक त्यांच्या मागे चार बोटांवर, जरा मोठं. छातीकडचा भाग सैल सोडा, तिथे घडी नको. भोकांना गोट मारायचाच, आणि शिवून झाल्यावर सुताचं प्रत्येक टोक जाळून घ्या. तुमच्याकडे शिलाई मशीन नसेल तर कापड घेऊन बाळ्याला या, त्या शिवून देतील.